वळसा

शनिवारी साडेनवाला ताळगावच्या पठारावर
वारा एवढा, की नोंदणीच्या टेबलावर
कागदांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर जांभ्याचा एकेक तुकडा.
मी सही केली : सुलक्षा गावस, उच्च माध्यमिक, डिचोली.
आजूबाजूला पीएचडीची पोरं, उघडे लॅपटॉप.
माझी शंभरपानी वही आणि दोन पेनं,
एक निळं, एक लाल.
लाल सवयीने घेतलेलं,
जणू इथेही मीच चुका काढणार आहे.

डॉ. आवेलिनो फुर्तादो म्हणाले,
मोजपट्ट्या बाहेर ठेवून या.
अंतर, कोन, क्षेत्रफळ, इथे काही चालत नाही.
ताणा, दाबा, पिळा, वाकवा,
फक्त फाडू नका
आणि चिकटवू नका.

मी वहीत लिहिलं : फाडू नका.
बावीस वर्षं मी मुलांना कंपासने वर्तुळं काढायला लावली,
टोक नीट जुळलं नाही तर अर्धा गुण कापला.
इथे बटाट्याची कडसुद्धा वर्तुळ.
त्या सगळ्या अर्ध्या गुणांचं आता काय करू?

चहाच्या वेळी त्यांनी पिशवीतून काकण काढलं,
पोदेराकडचं, सकाळचं, एव्हाना चिवट झालेलं.
याला एक भोक, म्हणाले,
आणि कपाच्या कानाला एक.
म्हणजे कप आणि काकण एकच.
तोवर मागच्या बाकावरच्या शौनकने
त्याच्या हातातलं काकण मोडून चहात बुडवलं होतं.
'आता नाही,' फुर्तादो म्हणाले, 'आता तो नुसता पाव.'

दुपारी दोरा.
एका बिंदूपासून निघा, फिरून तिथेच या,
आणि दोन्ही टोकं धरून ओढा.
सगळा दोरा मुठीत आला, तर मधे काही नव्हतं.
अडकला, तर आहे.
भोक दिसायची गरज नाही,
दोऱ्याला कळतं.

पंखा फिरत होता. मी निळं पेन खाली ठेवलं.

आमच्या स्टॉपवरून घर पूर्वी सात मिनिटांवर होतं,
वायंगणाच्या मेरेवरून सरळ.
मग खाण आली. मग खाण बंद झाली,
पंप थांबले, पाणी वर आलं,
हिरवं, गुळगुळीत, तळ नसल्यासारखं.
आता पाऊण तास लागतो, कुंपणाच्या कडेकडेने.
बाबा अजून कुणालाही वाट सांगताना सांगतात,
'मेरेवरून जा, फणसाकडे वळ.'
मेर नाही, फणस नाही.
ऐकणारा मान डोलावतो आणि रस्त्याने जातो.

रोज संध्याकाळी ते फिरायला निघतात,
खंदकाला पूर्ण वळसा घालून
पायरीवर येऊन चपला काढतात.
कुठे जाता, असं मी कधी विचारलं नाही.

रविवारी मोजणं आलं परत, वेगळ्या दाराने.
एकदा घातलेला वळसा म्हणजे एक.
पुन्हा त्याच दिशेने, दोन.
उलट फिरलात, की एक वजा.
मी हात वर केला.
'सर, भोक बुजवलं तर?'
त्यांनी खडू हातातल्या हातात फिरवला.
'मग दोरा सुटतो. पण मॅडम,
मग तो अवकाश तो राहत नाही.'
पुढच्या बाकावरच्या मुलीने हे टाइप केलं.
मी लाल पेनाने एक गोल काढला,
वाकडा. तसाच ठेवला.

प्रमाणपत्रावर गावसचं गावकर झालेलं.
ताणलं होतं, दाबलं होतं,
फाडलं तर नव्हतं. घेतलं.

संध्याकाळी बाबांबरोबर मीही निघाले.
कुंपणाशी आलो तेव्हा पाण्यावर एक खंड्या
सरळ रेषेत पलीकडे गेला, जसं काही तिथे मेरच आहे.
रोज एक, वर्षाचे तीनशे पासष्ट,
पावसाळ्यातले काही वजा करून;
पुढचा गुणाकार मी केला नाही.
म्हटलं, 'बाबा, आज उलट्या बाजूने जाऊया?'

ते थांबले, काठी दुसऱ्या हातात घेतली.
'तिकडनं चढ लागतो,' म्हणाले.